प्रयोगशाळेतली कूर्चा: जेल भरते, जाळी का भरत नाही?

कूर्चाकार (मूळ लेख)

बदली कूर्चा (कार्टिलेज) वाढवण्याबद्दल इथे सुटे सुटे प्रश्न येत राहतात. कोणी मीडियम (पेशींचं पोषक द्रव) विचारतो, कोणी स्कॅफोल्ड (पेशी बसवायचा सांगाडा). सगळं एका धाग्यात यावं म्हणून हा प्रपंच. पेशीसंवर्धनाची तोंडओळख आहे असं धरून लिहितोय.

आधी आपण बनवतोय काय ते. सांध्यातल्या कूर्चेत पेशी आकारमानाच्या १ ते ५ टक्केच. वजनाचे ६५ ते ८० टक्के पाणी, १० ते २० टक्के कोलॅजेन (बहुतेक सगळं टाइप २) आणि ५ ते १० टक्के प्रोटिओग्लायकॅन, म्हणजे मुख्यतः ॲग्रिकॅन. ॲग्रिकॅनच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते पाणी ओढून फुगू पाहतं. कोलॅजेनची जाळी त्याला फुगू देत नाही. या ओढाताणीतून दाब झेलण्याची ताकद येते. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, म्हणून इजा झाली तर दुरुस्तीला बाहेरून कोणी येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवलं होतं की एकदा बिघडलेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

प्रयोगशाळेत काय होतं? चांगल्या पेशी आणि योग्य मीडियम असेल तर ४ ते ८ आठवड्यांत ग्लायकोसअमिनोग्लायकॅन (पुढे 'गॅग' म्हणतो) नैसर्गिक पातळीच्या जवळ जातं. कोलॅजेन मात्र मागेच राहतं. तुकडा पांढराशुभ्र, चकचकीत दिसतो, सॅफ्रनिन-ओ (गॅग दाखवणारा रंग) लावलं की लालभडक होतो, आणि ताणून पाहिला की फाटतो. गादीत कापूस ठासून भरलाय पण खोळच विरलेली, असा प्रकार. माझं म्हणणं सरळ आहे: या क्षेत्रातली बहुतेक मेहनत गॅग वाढवण्यावर खर्च होते आणि खरी अडचण जाळीत आहे. पेशी कुठून घेतो, किती वेळा वाढवतो, कधी दाब देतो, काय मोजतो, हे सगळे निर्णय शेवटी तिथेच येऊन ठेपतात.

पेशींपासून सुरुवात करतो. शस्त्रक्रियेत भार न घेणाऱ्या भागातून २०० ते ३०० मिलिग्रॅम कूर्चा काढली असं धरू. स्काल्पेलने १ ते २ मिलिमीटरचे तुकडे करायचे. खालचा कॅल्सिफाइड थर आणि हाड सोडून द्यायचं; हाडाचा कण आला की मज्जेच्या पेशी आल्या, कडेचं सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर) आलं की फायब्रोब्लास्टसारख्या पेशी आल्या. दोन्ही भरभर वाढतात आणि दोन पॅसेजमध्ये (पेशी उचलून नव्या फ्लास्कमध्ये पेरण्याच्या खेपांत) फ्लास्क बळकावतात.

मग ०.२ टक्के प्रोनेज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), ३७ अंशाला १ तास. ते धुऊन ०.१५ टक्के कोलॅजनेज टाइप २, हलवत ठेवून १६ ते २२ तास. एका ग्रॅमला साधारण १० मि.ली. द्रावण. नंतर ७० किंवा १०० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून दोनदा धुवायचं आणि ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) मोजायचं.

पुढचं प्रतिसादांत घेऊ.

---

पिपेटवाली

उत्तम सुरुवात. पचनाच्या टप्प्यात दोन गोष्टींची भर घालते, कारण 'पेशीच निघत नाहीत' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

एक, कोलॅजनेजला कॅल्शियम लागतं. कॅल्शियमविरहित पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या क्षारद्रावणात) ते विरघळवलं की रात्रभर ठेवूनही तुकडे तसेच. डीएमईएममध्येच (नेहमीच्या मीडियममध्ये) विरघळवा. प्रोनेजनंतर धुताना ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं द्रव्य) असलेलं काही वापरलं असेल तर तेही पूर्ण काढा.

दोन, ही कच्ची जिवाणूजन्य तयारी असते, त्यात कोलॅजनेजखेरीज इतरही प्रोटिएज असतात आणि प्रत्येक लॉट वेगळा निघतो. नवीन लॉट आला की एकाच ऊतीचे दोन भाग करून जुन्याशी ताडून पाहा. लॉट तिखट असेल तर द्रावणात ५ टक्के सीरम घाला, बाकीच्या प्रोटिएजना आवर बसतो. २२ तासांनंतरही तुकडे उरले तर वेळ वाढवत बसू नका. सुटलेल्या पेशी काढून घ्या आणि उरलेल्यावर ताजं द्रावण घाला. आधी सुटलेल्या पेशी विनाकारण एन्झाइममध्ये पडून राहिल्या तर जिवंतपणा घसरतो.

---

नवापेशीकार

पेशी किती लागतील याचा हिशेब कसा मांडायचा? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

---

कूर्चाकार

वेगळा दिसतो कारण दोन वेगळे पदार्थ बनवले जातात.

पटलावर (कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर) पेशी पेरून ते थेट सांध्यात बसवायचं असेल तर १ चौ. सें.मी.ला ५ ते १० लाख पेशी. म्हणजे ४ चौ. सें.मी.च्या खड्ड्याला (कूर्चेतल्या इजेच्या जागेला) जास्तीत जास्त ४० लाख.

पूर्ण जाडीची ऊती बाहेरच वाढवायची असेल तर आकारमान बघा. ४ चौ. सें.मी. गुणिले अडीच मिलिमीटर म्हणजे १ मि.ली. घनता ३ कोटी प्रति मि.ली. धरली तर ३ कोटी पेशी. सुरुवातीला ५ लाख पेशी हाती असतील तर ६ वेळा दुप्पट झाल्यावर ३ कोटी २० लाख. चाचण्यांसाठी आणि वाया जाणाऱ्यांसाठी आणखी एक दुप्पट धरा.

पॅसेजचा आकडा सांगून उपयोग नसतो, दुप्पट होण्याच्या फेऱ्या मोजा. 'पॅसेज २' म्हणजे कुणाच्या ४ फेऱ्या असतात, कुणाच्या ८.

---

सहावाथर

फेऱ्या मोजण्याबद्दल +१. कारण प्लास्टिकवर पसरलेली कूर्चापेशी आपली ओळख विसरते. गोलसर, बहुकोनी पेशी लांबट होते, टाइप २ कोलॅजेन आणि ॲग्रिकॅन खाली येतं, टाइप १ वर जातं. मानवी प्रौढ पेशींत हे पहिल्या पॅसेजपासूनच सुरू होतं. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की अशा पेशी ॲगारोजमध्ये (समुद्रशैवालापासूनच्या जेलमध्ये) टाकल्या की पुन्हा गोल होतात आणि टाइप २ बनवू लागतात. आजची प्रत्येक पद्धत त्याच निरीक्षणावर उभी आहे: आधी सपाट वाढवा, मग त्रिमितीत परत आणा. पण जितक्या फेऱ्या जास्त, तितकं परत येणं अर्धवट.

वाढीच्या काळात नुसतं १० टक्के सीरम देण्यापेक्षा टीजीएफ-बीटा १ (१ नॅनोग्रॅम), एफजीएफ-२ (५ नॅनोग्रॅम) आणि पीडीजीएफ-बीबी (१० नॅनोग्रॅम प्रति मि.ली.) असं वाढघटकांचं मिश्रण दिलं तर वाढ जलद होते, आणि पेशी सपाट काळात जास्त बदललेल्या दिसल्या तरी नंतर त्रिमितीत चांगल्या परततात. हे उलटं वाटतं, पण स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने ते पद्धतशीर दाखवलेलं आहे. म्हणून सपाट फ्लास्कमध्ये टाइप २ ची पातळी पाहून पेशी नापास करू नका. पेलेट (पेशींची दाबून केलेली गोळी) करून पाहा आणि मग ठरवा.

पेरणी ५ ते १० हजार प्रति चौ. सें.मी., आणि ८० टक्के भरल्यावर उचला.

---

पिपेटवाली

पेलेटचा विषय निघालाच आहे तर पद्धत लिहून टाकते. नवीन दाता, नवीन सीरम, नवीन वाढघटक, काहीही तपासायचं असलं तरी हीच पहिली चाचणी.

अडीच लाख पेशी, ०.५ मि.ली. मीडियम, १५ मि.ली.ची शंकूच्या तळाची पॉलिप्रॉपिलीन नळी. ५०० जी, ५ मिनिटं. झाकण सैल ठेवून इन्क्युबेटरमध्ये उभी. पहिले २४ तास हात लावायचा नाही. या काळात तळाशी बसलेला थर कडेने आत वळत एक गोळी होतो. दुसऱ्या दिवशी नळीला हलकी टिचकी मारा, गोळी सुटून तरंगायला हवी. चिकटून राहिली तर एका बाजूने पसरते आणि तिचा चपटा, तंतुमय तुकडा होतो. नळी पॉलिस्टायरीनची असेल तर हे हमखास होतं. जास्त नमुने असतील तर व्ही-तळाची ९६ खान्यांची पॉलिप्रॉपिलीन प्लेट चालते, पण मीडियम कमी मावत असल्याने ते जास्त वेळा बदलावं लागतं.

मीडियम, प्रति मि.ली.:
डीएमईएम, ग्लुकोज ४.५ ग्रॅम प्रति लिटरवालं. आयटीएस-प्लस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियमचं तयार मिश्रण) १ टक्का. डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर. ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोग्रॅम. प्रोलिन ४० मायक्रोग्रॅम. सोडियम पायरुव्हेट १०० मायक्रोग्रॅम. टीजीएफ-बीटा ३, १० नॅनोग्रॅम. सीरम नाही.

दर २ ते ३ दिवसांनी बदल, ३ आठवडे. बदलताना पिपेटचं टोक द्रावणाच्या वरच्या थरात ठेवा, नाहीतर गोळी टोकात जाऊन बसते.

यातली दोन द्रव्यं दगा देतात. साधं ॲस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशाला काही तासांत निकामी होतं, म्हणून फॉस्फेटवालं रूप. ॲस्कॉर्बेटशिवाय प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन होत नाही, आणि ते झालं नाही तर कोलॅजेनचा तिपेडी गोफ टिकत नाही. कूर्चाकार ज्या जाळीबद्दल बोलतायत ती इथेच कच्ची राहते. दुसरं टीजीएफ-बीटा. ते प्लास्टिकला चिकटतं. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिलिग्रॅम प्रति मि.ली. बीएसए घालून त्यात विरघळवा, लहान भाग करून उणे ८० ला ठेवा, पुन्हा गोठवू नका. मीडियममध्ये ते बदलायच्या दिवशीच मिसळा. महिनाभराचं एकदम करून फ्रिजमध्ये ठेवलं तर शेवटच्या आठवड्यात पेशींना काय मिळतंय ते सांगता येणार नाही.

---

अभिसरण

पेलेट चाचणीपुरती ठीक, ऊतीसाठी नाही. १ ते २ मिलिमीटरच्या गोळीतसुद्धा मधला भाग कधी कधी मरतो. पेशी दाट असतील तर ऑक्सिजन १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडे नीट पोचत नाही. कूर्चापेशी काटकसरी असतात, मुख्यतः ग्लायकोलिसिसवर जगतात, म्हणून त्यांचं थोडं जास्त निभावतं. पण मग लॅक्टिक आम्ल साचतं. जाड तुकड्यात आधी ग्लुकोज संपतं, मग आम्लता वाढते, मग गॅगचं उत्पादन थांबतं. कापून रंगवलं की बाहेर लाल कडं आणि मध्ये फिकट डाग दिसतो.

उपाय करायचा तर आधी साधा करा: मीडियमचं प्रमाण वाढवा. ३ कोटी पेशी प्रति मि.ली. घनतेचा तुकडा आणि थोडंसं मीडियम असं गणित ठेवून बायोरिॲक्टर घ्यायला धावण्यात अर्थ नाही. २४ तासांनी मीडियममधलं ग्लुकोज मोजा. निम्म्याच्या खाली गेलं असेल तर प्रमाण वाढवा किंवा रोज बदला. तुकडा तळाला टेकून असेल तर खालची बाजू उपाशी राहते, जाळीवर ठेवा किंवा मंद हलवा.

ऑक्सिजन ५ टक्के ठेवला तर टाइप २ आणि ॲग्रिकॅन दोन्ही सुधारतात, नैसर्गिक कूर्चेतही पातळी तेवढीच किंवा त्याहून कमी असते. मात्र दार उघडून १० मिनिटं मीडियम बदलत बसलात तर तुमचे ५ टक्के फक्त इन्क्युबेटरच्या पडद्यावर आहेत.

---

मोजपट्टी

ॲगारोजच्या चकत्यांबद्दल कोणी लिहिलेलं नाही, लिहितो. यांत्रिक चाचण्यांसाठी याच सर्वांत सरळ.

कमी तापमानाला गोठणारं ॲगारोज, ४ टक्के, पीबीएसमध्ये ऑटोक्लेव्ह करून ४० अंशाला आणा. पेशी ६ कोटी प्रति मि.ली. अशा मीडियममध्ये, ३७ अंशाला. सम प्रमाणात मिसळा: २ टक्के ॲगारोज, ३ कोटी पेशी. दोन निर्जंतुक काचांमध्ये सव्वादोन मिलिमीटरच्या फटीत ओता, १५ ते २० मिनिटं खोलीच्या तापमानाला, मग ४ मिलिमीटरच्या पंचने चकत्या पाडा. एका चकतीत साधारण ९ लाख पेशी येतात.

फसतं कुठे? पेशींचं द्रावण थंड असेल तर मिसळतानाच गाठी होतात आणि एका चकतीत पेशी दाट, दुसरीत विरळ. बुडबुडा राहिला तर त्या चकतीचा मॉड्युलस (दाबाला ताठरपणा) निरर्थक. गोठायला वेळ लागला तर पेशी खाली बसतात. पहिल्या दिवशीच एक चकती उभी कापून बघा, लगेच कळतं.

ॲगारोज शरीरात विरघळत नाही, म्हणून रुग्णासाठी ते पहिली पसंती नाही. पण त्यात पेशी गोल राहतात, स्कॅफोल्ड आकसत नाही आणि दाब एकसारखा देता येतो.

---

नवापेशीकार

दाब पहिल्या दिवसापासून द्यायचा का? सांध्यात रोजच काही मेगापास्कल दाब पडतो, मग लवकर सवय लावलेली बरी नाही का?

---

मोजपट्टी

बरी नाही. नेहमीचा क्रम असा: १० टक्के विरूपण, १ हर्ट्झ, १ तास दाब १ तास विश्रांती असं दिवसातून तीनदा, आठवड्यात ५ दिवस. प्रश्न 'कधीपासून' हा आहे. टीजीएफ-बीटा ३ चालू असतानाच पहिल्या दिवसापासून दाब दिला तर फायदा दिसत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. पहिले २ आठवडे वाढघटक देऊन, मग तो बंद करून दाब सुरू केला की मॉड्युलस चांगला चढतो. सुरुवातीला पेशीभोवती स्वतःचा मॅट्रिक्सच (कोलॅजेन आणि गॅगचं जाळं) नसतो. ॲगारोज दाबलं जातं आणि पेशीपर्यंत जे पोचतं ते ऊतीतल्या संदेशासारखं नसतं. मॅट्रिक्सचं कवच तयार झालं की मग दाबाला अर्थ येतो.

दाब अजिबातच नसला तर काय, याचा टोकाचा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झालाय. वासराच्या पेशींचे तुकडे ३ महिने पृथ्वीवर वाढवून पुढचे ४ महिने काही रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर आणि काही पृथ्वीवर ठेवले. दोन्हीकडचे जिवंत राहिले, पण मीरवरचे जास्त गोल, लहान आणि यांत्रिकदृष्ट्या कमकुवत निघाले.

आणि वासरावरून आठवलं. छापील आकडे वाचताना आधी पेशी कोणाच्या ते बघा. कोवळ्या वासराच्या गुडघ्यातल्या ताज्या, पॅसेज न केलेल्या पेशी काहीही टाका, भरभरून मॅट्रिक्स देतात. पन्नाशीच्या माणसाच्या, ६ फेऱ्या झालेल्या पेशींकडून तोच आकडा मागणं हा अन्याय आहे. 'नैसर्गिक कूर्चेइतका मॉड्युलस' असं वाचलं की निम्म्या वेळा कार्यपद्धतीच्या भागात वासरू बसलेलं सापडतं.

---

सहावाथर

निम्म्याहून जास्त म्हणा.

मूळ मुद्द्याकडे येतो. गॅग पुढे आणि कोलॅजेन मागे राहण्याचं एक कारण असं की गॅग लवकर साचून जागा अडवतं आणि ऊती आतून फुगवून ठेवतं, तेव्हा तंतू जुळायला फट मिळत नाही. म्हणून मुद्दाम गॅग काढून टाकण्याची युक्ती निघाली. साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर काँड्रॉइटिनेज-एबीसी (गॅग तोडणारं एन्झाइम), २ युनिट प्रति मि.ली., ४ तास, मग नीट धुणं. मॉड्युलस त्या दिवशी कोसळतो, घाबरायचं नाही. पुढच्या २ ते ४ आठवड्यांत गॅग परत येतं, आणि ताणाची ताकद आधीपेक्षा वर जाते. धुण्यात कसूर झाली तर एन्झाइम आतच राहून गॅग खात बसतं, म्हणून काही जण जस्ताच्या आयनाने ते थांबवतात.

दुसरी बाजू जोडबंधांची. कोलॅजेन किती आहे याइतकंच ते एकमेकांना किती बांधलंय हे महत्त्वाचं. हे बंध लायसिल ऑक्सिडेज घडवतं. कमी ऑक्सिजनमध्ये त्याचं प्रमाण वाढतं, म्हणजे अभिसरण यांच्या ५ टक्क्यांचा इथेही उपयोग आहे. पायरिडिनोलिन (त्या बंधांची खूण) मोजल्याशिवाय 'जाळी पक्की झाली' असं म्हणू नये.

ही युक्ती मुख्यतः स्कॅफोल्डशिवायच्या पद्धतीत रुळली: ५ मिलिमीटर व्यासाच्या ॲगारोजच्या साच्यात सुमारे ५५ लाख पेशी एकदम ओतायच्या, तळाला चिकटायला जागा नसल्याने त्या एकमेकींना धरतात आणि चकती बनते. पेशी भरपूर लागतात, हाच तिचा तोटा.

---

मोजपट्टी

मोजमापावर एक वेगळा प्रतिसाद टाकतो, कारण चुकीच्या मोजणीतून आलेले चांगले आकडे फार फिरतात.

गॅग: पपेनने ६० अंशाला रात्रभर विरघळवून डीएमएमबी रंग (गॅगला चिकटून बदलणारा), ५२५ नॅनोमीटर. रंग मिसळल्यावर लगेच वाचा, थांबलात तर संयुग खाली बसतं आणि आकडा पडतो. अल्जिनेट (समुद्रशैवालाचंच दुसरं जेल) वापरत असाल तर सावधान: तेही ऋणभारित, रंगाला तेही भुलवतं. पीएच ३ ला रिकामं अल्जिनेटसुद्धा 'गॅग' दाखवतं. पीएच १.५ ला हा घोळ खूपच कमी होतो. तरीही पेशीविरहित जेलचा नमुना सोबत चालवल्याशिवाय आकडा छापू नका.

कोलॅजेन: हायड्रॉक्सिप्रोलिन मोजून सात-साडेसात पटीने गुणतात. स्कॅफोल्ड कोलॅजेनचा किंवा जिलेटिनचा असेल तर तुम्ही पेशींचं काम मोजताय की दुकानातून आणलेल्या पटलाचं? इथेही रिकामा स्कॅफोल्ड हवा, आणि तो तितकेच दिवस मीडियममध्ये राहिलेला हवा.

शिवाय ही पद्धत टाइप १ आणि टाइप २ मधला फरक करत नाही. त्यासाठी काप रंगवा, आणि दोन्ही प्रकारांसाठी रंगवा. फक्त टाइप २ चं चित्र दाखवलं असेल तर टाइप १ चं का नाही, हे विचारायला हवं. प्रतिपिंड लावण्याआधी पेप्सिन किंवा हायलुरॉनिडेजने काप उघडा, नाहीतर दाट गॅगखाली टाइप २ असूनही दिसत नाही.

डीएनए मोजून गॅग प्रति डीएनए द्या, आणि गॅग प्रति ओलं वजन हेही द्या. पहिलं पेशी किती कामसू आहेत ते सांगतं, दुसरं ऊती किती भरली ते. एकच दिलं तर दुसरं लपवता येतं. मीडियममध्ये वाहून गेलेलं गॅगही मोजा. विरळ जाळीतून ते भरपूर निसटतं आणि मग 'उत्पादन कमी' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दाबचाचणी: ताण टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर बल स्थिर होईपर्यंत थांबायचं. पृष्ठभाग समांतर नसेल तर सुरुवातीचा वक्र सपाट येतो आणि मॉड्युलस कमी निघतो. चकतीची जाडी दाबलेल्या अवस्थेत कॅलिपरने मोजणं हाही नेहमीचा घोळ.

---

वाकडानांगर

सगळे सांध्यातल्या पेशींवरच अडलेत. मज्जेतल्या स्ट्रोमल पेशींचं (हाडाच्या मज्जेतल्या, अनेक ऊती बनवू शकणाऱ्या पेशींचं) काय? पाहिजे तितक्या मिळतात, सांध्याला दुसरी जखम करावी लागत नाही.

---

सहावाथर

मिळतात, आणि वर पिपेटवालीताईंनी दिलेलं मीडियम मुळात त्यांच्यासाठीच १९९८ च्या सुमारास बसवलं गेलं. पण त्या कूर्चा झाल्यावर थांबत नाहीत. ३ आठवड्यांत टाइप २ सोबत टाइप १० कोलॅजेन, एमएमपी-१३ (मॅट्रिक्स तोडणारं एन्झाइम) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (खनिज साचवणारं) वर येतं. म्हणजे वाढत्या हाडाच्या टोकाला कूर्चा जो प्रवास करते तोच. असे पेलेट उंदराच्या त्वचेखाली ठेवले तर त्यांच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि खनिज साचतं. सांध्यातल्या पेशींच्या पेलेटचं तसं होत नाही.

पीटीएचआरपी (पेशींची ही वाटचाल रोखणारं प्रथिन) ठरावीक अंतराने देणं, कमी ऑक्सिजन, सांध्यातल्या पेशी मिसळून वाढवणं, असे उपाय आहेत. हायपरट्रॉफी (पेशींचं हाडाकडे वळणं) कमी होते, पुसली जात नाही. तेव्हा या पेशी वापरत असाल तर टाइप १० पहिल्या दिवसापासून मोजा. टाइप २ च्या आनंदात ते राहून जातं.

---

शल्यविचार

नाकातल्या पेशींचा उल्लेख अजून आला नाही याचं नवल वाटलं. नाकाच्या पडद्यातून ६ मिलिमीटरचा छोटा तुकडा घ्यायचा, सांध्याला हात लावायची गरज नाही. या पेशी जलद वाढतात आणि दात्याच्या वयाचा फरक त्यांच्यात कमी पडतो. बाझेलमध्ये त्या टाइप १/३ कोलॅजेनच्या पटलावर पेरून, २ आठवडे ऊती होऊ देऊन गुडघ्यात बसवल्या. पहिल्या १० रुग्णांचा अहवाल २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याआधी २०१४ मध्ये त्याच शहरातून ५ रुग्णांच्या नाकपुडीची पुनर्रचना याच प्रकारच्या ऊतीने केल्याचा अहवाल होता. नंतरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दोन उत्पादनं समोरासमोर ठेवली: त्याच पेशी पटलावर फक्त २ दिवस, आणि त्याच पेशी २ आठवडे. पिकलेली ऊती सरस ठरली.

पार्श्वभूमी म्हणून: रुग्णाच्या पेशी वाढवून परत घालण्याचा पहिला गाजलेला अहवाल स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा, १९९४, २३ रुग्ण. त्यात पेशी द्रवातच, वर हाडाच्या आवरणाचा तुकडा शिवून. अमेरिकेत त्या प्रकारचं उत्पादन १९९७ मध्ये मान्य झालं आणि डुकराच्या कोलॅजेन पटलावर पेरलेलं रूप २०१६ मध्ये. या दोन्हींत ऊती सांध्यातच तयार होते. प्रयोगशाळा फक्त पेशी पुरवते. धाग्याचा विषय त्याच्या पुढचा आहे हे लक्षात असू द्या.

---

वाकडानांगर

म्हणजे जास्त पिकवलेली ऊती केव्हाही बरी, असं समजायचं?

---

शल्यविचार

नाही. सरसकट नाहीच. पक्व तुकडा बसवताना टाक्याला धरतो, दाब सोसतो. पण कडेला शेजारच्या कूर्चेशी जुळायच्या वेळी तोच आडमुठा होतो. कोवळा तुकडा जुळतो चांगला, पण पहिल्या आठवड्यांत सहज चुरडतो. दोन्हीच्या मधली वेळ शोधावी लागते, आणि ती खड्डा किती मोठा, कडा किती शाबूत यावर अवलंबून असते.

कडेचं नीट सांगायला हवं, कारण वाढवलेला तुकडा उत्तम असूनही जोड सुटतो तो इथेच. खड्ड्याची कड कापली की त्या रेषेलगतच्या पेशी मरतात आणि मृत पेशींची एक पट्टी तयार होते. बोथट पंच वापरला तर पट्टी रुंद, धारदार पात्याने कापली तर अरुंद. त्या पट्टीत मॅट्रिक्स बनवणारं कोणी नाही. शिवाय कापलेल्या पृष्ठभागावरचं गॅग पेशींना चिकटू देत नाही. म्हणून कड उभी, ताज्या पात्याने, निरोगी कूर्चेपर्यंत; उतरती कड ठेवली तर तुकड्याचा काठ पातळ राहून झिजतो. प्रयोगात कड थोडा वेळ कोलॅजनेजने उघडली की पेशी आत शिरतात आणि जोड मजबूत होतो, पण ते सांध्यात ओतायचं द्रव्य नव्हे.

तळाशी कॅल्सिफाइड थर खरवडायचा, पण हाडातून रक्त येऊ द्यायचं नाही. रक्त आलं की मज्जेच्या पेशी येतात आणि तळाशी तंतुमय कूर्चा होऊ लागते.

---

पिपेटवाली

शल्यविचार यांच्या टेबलावर तुकडा पोचण्याआधीची पायरी राहिलीय, ती लिहिते.

रुग्णासाठी असेल तर निर्जंतुकतेची पारंपरिक चाचणी १४ दिवसांची. पिकलेला जिवंत तुकडा तेवढा थांबवून ठेवता येत नाही. म्हणून वाढीच्या मधल्या टप्प्यांवरच मीडियमचे नमुने पाठवायचे, सोडण्याच्या दिवशी जलद चाचणी आणि ग्राम रंग, आणि अंतिम निकाल नंतर आला तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) वेगळं तपासायचं.

मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) मात्र वेगळ्याच जातीचा त्रास. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निघून जातो, आणि भिंतच नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही. पेशी मंदावतात आणि लोक वाढघटकाला दोष देत बसतात. पीसीआर प्रत्येक नव्या दात्याला, प्रत्येक गोठवणीआधी. प्रतिजैविक सतत घालून वाढवलेल्या पेशींवर तर नक्कीच, कारण तिथे इतर जिवाणू दबून राहतात आणि हा एकटा सुखाने नांदतो.

तुकडा पाठवताना ओळखीची चाचणी ज्यावर करायची तो तुकडा त्याच ताटलीतला, त्याच दिवसाचा जुळा असावा. रुग्णाच्याच तुकड्याचा कोपरा कापून चाचणी केली तर ती नवी कापलेली कड शल्यविचार यांच्या मृत पट्टीसकट आत जाते.

---

शल्यविचार

पिपेटवाली, अगदी. आणि तुकडा खड्ड्याच्या मापाला कापावा लागणारच असेल तर तो टेबलावर, बसवायच्या आधी काही मिनिटं, साच्यावर ठेवून नव्या पात्याने एका दाबात कापायचा. करवतीसारखं पातं मागेपुढे केलं तर काठ चिंध्या होतो आणि फायब्रिन गोंद त्या चिंध्यांतच मुरतो.